कॉन्सर्टचे फोटो हललेले, काळपट, दाणेदार येतात? फास्ट लेन्स घेण्याआधी हे तपासा

"एफ/१.८ घेऊ की एफ/१.४?" फास्ट, म्हणजे जास्त उघडून जास्त उजेड आत घेणाऱ्या लेन्सबद्दलच्या या प्रश्नाबरोबर मला जवळजवळ दर वेळी एक फोटो येतो. स्टेजवर गायक, मागे निळा उजेड आणि चेहरा पुसट. मी उलट एकच मागतो: मूळ फाइल पाठवा, चॅटवर दबून लहान झालेली नको. शटर किती होतं (कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर किती वेळ उजेड पडला), अपर्चर किती उघडं होतं (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ कुठवर गेला होता (मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवला), हे सगळं त्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं. ते वाचलं की बऱ्याचदा दिसतं, लेन्स बदलून हा फोटो सुधारला नसता. महागडी लेन्स लावूनही चेहरा तसाच पुसट आला असता, फक्त मागचे दिवे जास्त विरघळले असते.

काही वेळा मात्र खरोखरच लेन्स कमी पडत असते. तेव्हा कोणती घ्यायची, तेही खाली लिहिलं आहे. पण क्रम सोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि त्या केल्याशिवाय पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही.

आधी लक्षणं

फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा. मोबाइलच्या स्क्रीनवर सगळेच फोटो बरे दिसतात. मग यातलं काय दिसतंय ते बघा:

- मागचे छोटे दिवे ठिपक्यांसारखे न दिसता छोट्या अळ्यांसारखे दिसतात आणि सगळ्या अळ्यांचा आकार सारखाच आहे. कॅमेरा हलला.
- माइकचा स्टँड शार्प आहे, स्पीकरवरची अक्षरं वाचता येतात, पण गायकाचा हात आणि चेहरा ओढल्यासारखा आहे. माणूस हलला.
- फोटोत काहीतरी एकदम शार्प आहे, पण ते डोळे नाहीत. फोकस चुकला.
- चेहरा पांढराफटक, कातडीचा पोतच गेलेला. किंवा उलट, सगळं काळं, आणि उजळवलं की दाणेच दाणे. एक्स्पोजर चुकलं.
- फोटोत आडवे पट्टे आहेत, एक उजळ, एक गडद. दिवे आणि शटर यांचं जमलं नाही.
- निळ्या किंवा लाल उजेडात चेहऱ्याच्या जागी नुसता रंगाचा डाग, नाकडोळे गायब.
- सगळ्या फोटोवर धुकं, दिव्यांभोवती वलयं, किंवा दिव्याची उलटी फिकट प्रतिमा समोरच्या बाजूला. काचेचा प्रश्न.
- प्रत्येक फोटोत तीच बाजू मऊ, किंवा त्याच जागी तोच ठिपका. यंत्रात बिघाड.

पहिल्या दोन लक्षणांत लोक सर्वांत जास्त गोंधळतात, कारण दोन्हीकडे चेहरा पुसटच असतो. म्हणून चेहऱ्याकडे बघूच नका. स्टेजवरची न हलणारी वस्तू शोधा. ती शार्प असेल तर तुमचा हात स्थिर होता आणि स्टॅबिलायझेशनवर (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीवर) पैसे घालून काही मिळणार नाही. हे एक पाहिलं तरी अर्धं निदान झालं.

काच पुसा, फिल्टर काढा

दोन मिनिटांचं काम. लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा असेल तर दिवसा काढलेल्या फोटोत तो जाणवतही नाही. स्टेजचे दिवे मात्र थेट लेन्समध्ये मारा करतात आणि तोच ठसा सगळ्या फ्रेमवर धुकं पसरवतो. आधी हवेचा फुगा वापरून धूळ उडवा, मग मायक्रोफायबरने हलकेच पुसा. धुळीसकट घासलं तर कोटिंगवर ओरखडे पडतात.

मग यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवलेली जादा काच, काढून ठेवा. सेन्सर चकचकीत असतो. त्याच्यावरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो, आणि दिव्यांची फिकट जुळी प्रतिमा फ्रेमच्या विरुद्ध बाजूला उमटते. लेन्स खराब आहे म्हणून दाखवलेले असे फोटो मी कितीतरी पाहिले आहेत. फिल्टर काढून हूड (लेन्सच्या पुढचं आडोशाचं कडं) लावला की पुढच्या कार्यक्रमाला ती भुतं गायब. हूड पुढच्या काचेला धक्क्यांपासूनही वाचवतो.

थंडगार एसीतून थेट दमट, गर्दीने भरलेल्या हॉलमध्ये शिरलात तर काचेवर बाष्प धरतं. पुसत बसू नका. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या तापमानाला आला की बाष्प धरत नाही.

शटर किती होतं?

फाइलची माहिती उघडा. १/६०, १/४०, कधी १/३० असे आकडे दिसले तर दोष जवळपास सापडला. शांत उभं राहून गाणारा माणूसही डोकं हलवतो, श्वास घेतो, माइककडे झुकतो. त्याला थांबवायला १/२०० ते १/२५० लागतं. उड्या मारणारा गिटारवाला किंवा ड्रमरचे हात हवे असतील तर १/५०० धरा. ड्रमची काठी थोडी ओढल्यासारखी आली तर मला स्वतःला आवडते, पण ड्रमरचे डोळे शार्प असायलाच हवेत.

लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं. समोरच्या माणसाला ते थांबवू शकत नाही. १/३० ला स्टॅबिलायझेशन लावून काढलेल्या फोटोत माइकचा स्टँड कसा दगडासारखा शार्प येतो आणि गायक मात्र वाहून गेलेला असतो, ते एकदा करून बघा, पुन्हा विसरणार नाही.

लोक शटर खाली का आणतात? आयएसओच्या भीतीने. "३२०० च्या वर गेलो तर दाणे येतील" म्हणून आयएसओ ८०० वर बांधून ठेवतात आणि शटर १/४० वर घसरतं. मुळात आयएसओ वाढवल्यामुळे दाणे तयार होत नाहीत. सेन्सरवर उजेड कमी पडल्यामुळे होतात. आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढला आणि घरी उजळवला तरी दाणे तेवढेच येतात, काही सेन्सरवर तर सावलीत रेघाही दिसतात. शिवाय रॉ फाइलमधले (कॅमेऱ्याने जेपेग न बनवता ठेवलेल्या मूळ फाइलमधले) दाणे आजची सॉफ्टवेअर बऱ्यापैकी साफ करतात. हललेला चेहरा कोणतंही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणत नाही. म्हणून शटर आधी ठरवा, आयएसओला जिथवर जायचं तिथवर जाऊ द्या. ६४०० ला काढलेला, हसणं नेमकं टिपलेला फोटो लोक जपून ठेवतात.

एक्स्पोजर कोण ठरवतंय?

कॅमेऱ्याचा मीटर अख्ख्या फ्रेमची सरासरी करडी करायला बघतो. स्टेजचा बहुतेक भाग काळा असतो, म्हणून तो सगळंच उजळ करतो आणि मधला पांढरा उजेड पडलेला चेहरा जळून जातो. पुढच्या क्षणी मागचा दिवा कॅमेऱ्याकडे वळला की तोच मीटर घाबरून सगळं काळं करतो. फोटो एकदा पांढरा, एकदा काळा येत असेल तर ही लेन्सची तक्रार नाही.

मी मॅन्युअल मोडवर जातो. अपर्चर पूर्ण उघडं, शटर १/२५०, आणि पहिल्या गाण्यातच चेहऱ्यावरचा मुख्य दिवा पाहून आयएसओ ठरवतो. चेहऱ्यावरची कातडी जळणार नाही एवढंच राखायचं, मागचं काळं राहिलं तर राहू दे. मॅन्युअल जमत नसेल तर स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणारं) लावा, किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा. काळोख्या हॉलमध्ये कॅमेऱ्याची स्क्रीन डोळ्याला फार उजळ वाटते आणि फोटो चांगला आलाय असा भास होतो. स्क्रीनची ब्राइटनेस कमी करा, किंवा सरळ हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) विश्वास ठेवा.

निळ्या-लाल उजेडाची गोष्ट वेगळी. सेन्सरवरचे निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी असतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला पाव-पाव. निव्वळ लाल एलईडीखाली काम करणारे पिक्सेल चौथा हिस्साच, त्यामुळे तपशील पातळ होतो आणि फोकस नीट असूनही चुकल्यासारखा वाटतो. त्यात निळा किंवा लाल चॅनेल एकटाच भरून वाहत असतो आणि साध्या हिस्टोग्रामला त्याचा पत्ता नसतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि जो रंग उजव्या भिंतीला टेकलाय तो सुटेपर्यंत एक्स्पोजर उतरवा. तेवढ्यानेही चेहरा सापडला नाही तर पांढरा किंवा पिवळसर दिवा येईपर्यंत थांबा, किंवा तो फोटो कृष्णधवल करा. एफ/१.२ ची लेन्स यात काहीही मदत करत नाही.

झूम फिरवताना अपर्चर मिटतंय का?

किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर, ३.५-५.६ असे आकडे असतात. त्याचा अर्थ १८ मिमीला अपर्चर एफ/३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ ला झूम केलं की एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. म्हणजे चेहरा जवळ आणायला झूम फिरवलात, की उजेड अडीच पटींनी घटला. कॅमेरा तो घाटा शटर उतरवून भरून काढतो, तुम्हाला न विचारता.

त्याच लेन्सने एक कार्यक्रम असा काढा: झूम १८ ते २४ च्या आसपास ठेवा, स्टेजच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. परवानगी असेल तरच, आणि मागच्या लोकांचं दृश्य अडवून नाही. फोटो लगेच सुधारले तर तुमचा अडथळा अपर्चरच होता हे सिद्ध झालं. आता फास्ट लेन्सचा विचार करायला पक्कं कारण मिळालं.

फ्लॅश हा यावरचा उपाय नाही. बहुतेक कॉन्सर्टमध्ये छायाचित्रकारांना पहिली तीन गाणी आणि फ्लॅशबंदी असाच नियम असतो. शिवाय फ्लॅशने स्टेजचे रंगच पुसले जातात.

फोकस कशावर बसतोय?

एकदा एक फोटो आला होता. गायिकेने डोळे मिटलेले, माइक ओठांना जवळजवळ टेकलेला. मोठा करून पाहिला तर माइकच्या जाळीतलं एकेक भोक मोजता येत होतं. जाळीवर एका जागी रंग उडालेला, तोही दिसत होता. आणि चार बोटं मागे पापण्या मात्र लोण्यासारख्या मऊ. पाठवणाऱ्याचं म्हणणं होतं, लेन्स शार्प नाही. त्या लेन्सएवढा शार्प माइक मी क्वचितच पाहिला असेल.

दोष फोकस क्षेत्राचा होता. क्षेत्र मोठं ठेवलं की कॅमेरा त्यातली जवळची आणि ठळक कडा असलेली वस्तू पकडतो, आणि माइक दोन्ही अटींत बसतो. उपाय: फोकस पॉइंट एकच आणि लहान घ्या, तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात डोळे ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू करा, पण माइक चेहरा झाकतो तेव्हा तोही गडबडतो, म्हणून लहान पॉइंटला यायचं बटण बोटाखाली ठेवा. फोकस सतत चालणारा, म्हणजे एएफ-सी किंवा सर्वो ठेवा. एकदाच लॉक होणाऱ्या मोडवर तुम्ही बटण दाबेपर्यंत गायक पाऊलभर पुढे आलेला असतो. चेहरा थोड्या बाजूने घ्या, माइक आपोआप डोळ्यांच्या रेषेतून बाजूला होतो. आणि कॅमेऱ्याचा तो केशरी मदत-दिवा बंद करा, कलाकारांच्या डोळ्यांत जातो.

आता आकडेच बघा, कारण फास्ट लेन्सच्या स्वप्नात ते कुणी सांगत नाही. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरवर) ८५ मिमी लेन्स, एफ/१.८, गायक ३ मीटरवर: शार्प पट्टा साधारण १३ सेंटिमीटरचा. तीच फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), एफ/१.२ आणि अंतर २ मीटर: फक्त ४ सेंटिमीटर. एका डोळ्यावर फोकस बसला तर दुसरा निसटू शकतो. ज्याचा फोकस आज एफ/५.६ ला चुकतोय, त्याचा एफ/१.२ ला जवळजवळ पाचपट उघडा पडेल. म्हणून ही तपासणी खरेदीच्या आधी.

आडवे पट्टे

सायलेंट शटर बंद करा. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं.

कारण असं: स्टेजवरचे बरेचसे एलईडी अखंड जळत नाहीत, फार वेगाने चालू-बंद होऊन उजेड कमीजास्त करतात. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. एक ओळ दिवा चालू असताना वाचली, पुढची बंद असताना, की झाला पट्टा. मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२०० ते १/२५० सेकंदात सेन्सर ओलांडतो, साध्या सेन्सरचं वाचन त्याच्या मानाने बरंच संथ असतं. म्हणून मेकॅनिकलवर पट्टे कमी होतात, पण पूर्ण जातीलच असं नाही. उरले तर शटर १/२५० वरून १/२००, १/१६० असं थोडं थोडं उतरवून बघा. काही नव्या कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक पायऱ्यांनी बदलून दिव्याच्या वेगाशी जुळवता येतं. सोनीचा ए९ थ्री (२०२३) अख्खा सेन्सर एकदम वाचतो, त्यामुळे त्यात पट्टे नसतात, फोटोगणिक उजेड बदलू शकतो.

साध्या विजेवरचे दिवे ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा आणि ६० हर्ट्झला १२० वेळा लुकलुकतात. त्यांच्यासाठी कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर पर्याय चांगलं काम करतो. स्टेजच्या वेगवान एलईडींपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता लेन्स. पण कोणती?

इथवरचं सगळं करूनही १/२५० ला आयएसओ १२८०० च्या खाली येत नसेल, तर तुम्हाला खरोखर जास्त उघडणारी लेन्स हवी आहे. हिशोब सोपा आहे. एफ/५.६, १/६० आणि आयएसओ ३२०० ला जो फोटो मिळत होता, तो १/२५० ला काढायचा तर एफ/५.६ वर आयएसओ १२८०० लागेल. एफ/२.८ वर ३२०० पुरेल. एफ/१.८ वर सुमारे १२५०. एफ/५.६ वरून एफ/१.८ ला आलात की दहापटीच्या जवळ उजेड मिळतो. किटवरून पहिल्या प्राइमपर्यंतची (झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सपर्यंतची) ही उडी सर्वांत मोठी. एफ/१.८ वरून एफ/१.४ ला मात्र जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप वाढतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एफ/१.४ वरून एफ/१.२ ला अर्धा स्टॉपही पुरता नाही. ८५ मिमी एफ/१.८ चं वजन साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास असतं, एफ/१.२ ची ऑटोफोकस असलेली लेन्स एक किलोच्या वर जाते. दोन तास हात उंच धरून ती झेलायची असते, हे दुकानात लक्षात येत नाही.

पण माझ्या मते अपर्चर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न फोकल लेंग्थचा, आणि इथेच लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. ५० मिमी एफ/१.८ स्वस्त आणि छान म्हणून घेतात, पहिल्याच कार्यक्रमात कळतं की उभं राहायची जागा स्टेजपासून दहा मीटरवर आहे, आणि गायक फ्रेममध्ये बोटभर दिसतोय.

म्हणून हे गणित आधी करा. कॅमेरा उभा धरला तर फ्रेममध्ये किती मीटर उंची मावेल? अंतराला ३६ ने गुणा आणि फोकल लेंग्थने भागा. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमहून लहान) असेल तर ३६ ऐवजी २४ घ्या. ५० मिमी, ३ मीटर: सव्वादोन मीटरच्या जरा खाली, म्हणजे उभा माणूस आणि वर थोडी मोकळी जागा. ८५ मिमी, ४ मीटर: १.७ मीटर, उभा माणूस जेमतेम. ८५ मिमी, १० मीटर: सव्वाचार मीटर, म्हणजे माणूस छोटा आणि काळोख फार. २०० मिमी, १० मीटर: १.८ मीटर, पुन्हा उभा माणूस. तुम्ही नेहमी जिथे उभे राहता ते अंतर पावलांनी मोजा. दोनदा मोजा.

दुसरी खूण तुमच्याच जुन्या फोटोंत आहे. आवडलेले शंभर फोटो निवडा आणि त्यांची फोकल लेंग्थ बघा. बहुतेक एकाच टोकाला गोळा झालेले दिसतील. झूमच्या लांब टोकाला ५५ वर गर्दी असेल तर तुम्हाला ५५ सुद्धा अपुरी पडत होती. रुंद टोकाला असेल तर ३५ किंवा २४ घ्या.

त्यावरून माझा सल्ला असा. स्टेजला अगदी चिकटून जागा मिळत असेल तर फुल फ्रेमवर ३५ एफ/१.८, क्रॉपवर २४ च्या आसपासची. तीन ते पाच मीटरवर फुल फ्रेमला ८५ एफ/१.८, क्रॉपवर ५० किंवा ५६. क्रॉपवरची ५० फुल फ्रेमच्या ७५ ते ८० सारखी दिसते, आणि उजेडाच्या हिशोबात एफ/१.८ हा एफ/१.८ च राहतो. आठ-दहा मीटर किंवा पुढे असाल तर ७०-२०० एफ/२.८ ला पर्याय नाही, नाहीतर १३५ एफ/१.८ घेऊन नंतर थोडं कापायची तयारी ठेवा. कापताना हेही धरा: ८५ ने काढून १३५ एवढं कापलं की पिक्सेल चाळीस टक्केच उरतात, २४ मेगापिक्सेलचे साडेनऊ. वेबसाठी चालतं, मोठ्या छपाईला नाही.

झूम की प्राइम, यावर माझं मत ठाम आहे. जागा बदलता येत नसेल तर झूम, येत असेल तर प्राइम. मधली वाटही आहे: सिग्माने २०१३ मध्ये क्रॉप सेन्सरसाठी १८-३५ मिमी एफ/१.८ काढली, सगळ्या झूमभर तेच अपर्चर देणारी. आता फुल फ्रेमसाठीही एफ/२ चे झूम आहेत, फक्त ते जड आहेत. टेलिकन्व्हर्टरने (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या जोडाने) पल्ला वाढवायचा विचार इथे सोडून द्या, १.४ पटीचा एक स्टॉप खातो, दोन पटीचा दोन. जुन्या मॅन्युअल एफ/१.४ लेन्स मला फार आवडतात, पण अंधारात हलत्या गायकावर नाही.

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत "उणे ६ ईव्हीपर्यंत ऑटोफोकस" असं लिहिलेलं असतं (ईव्ही हे उजेडाचं माप, उणे ६ म्हणजे जवळजवळ काळोख). तो आकडा अनेकदा एफ/१.२ लेन्स लावून दिलेला असतो. तुमच्या एफ/५.६ वर तेवढी अपेक्षा धरू नका. उलट सांगायचं तर फास्ट लेन्सचा एक मोठा फायदा हाच, फोकस प्रणालीला जास्त उजेड मिळतो आणि ती अंधारात कमी चाचपडते.

घेण्याआधी एका कार्यक्रमापुरती लेन्स भाड्याने किंवा ओळखीतून आणा. एका रात्रीत जे कळतं ते महिनाभर तुलना वाचून कळत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

काही लक्षणं घरी सुटत नाहीत. त्यांची घरी फक्त खातरजमा करायची.

कॅमेरा लेन्स ओळखत नाही, अपर्चरचा आकडा दिसत नाही, मध्येच एरर येतो: कॅमेरा बंद करा, लेन्स काढा, मागचे धातूचे ठिपके कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पुन्हा बसवा. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं सॉफ्टवेअर) जुनं तर नाही ना ते बघा. तरीही एरर आला तर थांबा.

मॅन्युअलवर, दिवसाच्या स्थिर उजेडात, तीच सेटिंग ठेवून दहा फोटो काढा. अपर्चर एफ/८ ठेवा. उजेड फोटोगणिक बदलत असेल तर अपर्चरची पाती अडकताहेत, बहुधा त्यांच्यावर तेल आलंय. दिवसा काढायचं कारण, स्टेजवर हाच बदल दिव्यांमुळेही होतो.

एक बाजू नेहमी मऊ: ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा, मग कॅमेरा उलटा करून पुन्हा. मऊ बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली तर लेन्समधली एखादी काच मध्यापासून सरकली आहे. स्क्रू हातात घेऊ नका. काचा मिलिमीटरच्या शतांश भागांत जुळवलेल्या असतात, आणि ते यंत्राशिवाय परत जुळत नाही.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल आणि फोकस नेहमी एकाच दिशेला, म्हणजे सतत पुढे किंवा सतत मागे पडत असेल, तर ट्रायपॉडवर तोच फोटो एकदा व्ह्यूफाइंडरने आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि दुसरा मऊ असेल तर कॅलिब्रेशन हललंय. मेनूत मायक्रो अॅडजस्टमेंट (फोकस थोडा पुढेमागे सरकवायची पट्टी) असेल तर ती करून बघा. पट्टी शेवटच्या टोकाला नेऊनही जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मागून बारीक टॉर्च मारून बघा, विशेषतः जुनी लेन्स घेताना. बाहेरून पुसून ती जात नाही. ती लेन्स बाकीच्यांबरोबर बंद बॅगेत ठेवू नका.

लेझर शो असलेल्या कार्यक्रमानंतर प्रत्येक फोटोत, कुठल्याही लेन्सने, त्याच जागी ठिपका किंवा रेघ येत असेल तर सेन्सर भाजला आहे. धूळ असेल तर ती एफ/१६ ला ठळक आणि एफ/१.८ ला जवळपास गायब होते, भाजलेला भाग मात्र दोन्हीकडे तसाच दिसतो. अशा कॅमेऱ्याचा सेन्सर बदलावा लागतो. पुढच्या वेळी किरण थेट लेन्सकडे वळतोय असं दिसलं की कॅमेरा खाली घ्या.

कॅमेऱ्याची बॉडी तर घरी उघडूच नका. आतला फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात सुमारे ३०० व्होल्टचा कपॅसिटर असतो, आणि बॅटरी काढल्यावरही त्यात झटका देण्याइतका भार राहतो.

सर्व्हिस सेंटरला जाताना बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, नुसती लेन्स दिली तर त्यांना दोष कुठल्या बाजूचा ते जुळवून बघता येत नाही. सोबत तीन-चार मूळ रॉ फाइल्स द्या: एक भिंतीची, एक दिवसाची, एक स्टेजवरची. आणि वर काय काय तपासलं ते कागदावर लिहून द्या, म्हणजे तीच तपासणी ते पहिल्यापासून करत बसणार नाहीत.